मुक्या सोन्याचा वारसा

एका राज्यात माणूस मेला की त्याच्या जिभेवर सोन्याचा मणी ठेवत. श्रीमंताचा ज्वारीएवढा, गरिबाचा मोहरीएवढा, पण मणी हवाच. नदीपल्याड मेलेल्यांचं दार होतं. तिथला द्वारपाळ येणाऱ्याला नाव विचारी, आणि जिभेवर सोनं नसेल तर मेलेल्याच्या तोंडून नाव फुटत नसे. चिता विझली की राख मण्यासकट नदीत सोडायची, मग नदी ज्याचा मणी त्याला पोचता करी. आजे-पणज्यांपासून हे असंच चालत आलं होतं.

पुढे त्या राज्यावर भोगादित्य राजा बसला. त्याला लढाईचा नाद. लढाया केल्या, हत्ती घेतले, तोफा ओतल्या आणि खजिन्याचा तळ दिसू लागला. तेव्हा त्याची नजर घाटावर गेली. म्हणाला, "एवढं सोनं पाण्यात जातं! मेलेल्यांना त्याचं काय करायचं आहे?" त्यानं घाटावर चाळण्या देऊन माणसं बसवली. राख चाळायची, मणी काढून घ्यायचा आणि रिती राख नदीत सोडायची. बायका चाळणीवाल्यांच्या पाया पडत. ते म्हणत, "उठा बाई. आम्हांला काय हौस आहे? हुकूम आहे."

राजवाड्यात मात्र या सोन्याला कुणी राखेतलं सोनं म्हणत नसे. त्याला नाव दिलं होतं घाटपट्टी. घाटपट्टी आली, घाटपट्टी जमा झाली, घाटपट्टी आटवून लगडी पाडल्या. लगडींनी खोल्या भरल्या. मग एके दिवशी भोगादित्यच मेला. हुकमात राजाला सूट ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. चाळणीवाल्यांनी नेमून दिलेलं काम केलं. राजाचीही राख चाळली आणि त्याच्या जिभेवरचा मणी त्याच्याच खजिन्यात नेऊन टाकला.

राजाला एकच लेक होती. तिचं नाव वेणुमती. लहानपणीच लग्न करून तिला लांबच्या मुलखात दिली होती. तिचा नवरा परमुलखातल्या लढाईत पडला, त्याची राखसुद्धा कुणी आणली नाही. बाप गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा ती आपल्या लहानग्या कुंदाला कडेवर घेऊन माहेरी आली. कुंदा म्हणजे नुसती पाखरासारखी. उठल्यापासून निजेपर्यंत तिचं तोंड चालू असे.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर एक म्हातारा कावळा बसला होता, पण खाली उतरायचं नाव घेईना. भटजी म्हणाले, "ताईसाहेब, आबासाहेबांची काही इच्छा राहिली असेल. बोला."

वेणुमती हात जोडून म्हणाली, "आबा, राज्य सांभाळीन." कावळा बसलेलाच. "आबा, तुमच्या हत्तींना वैरण कमी पडू देणार नाही." कावळा बसलेलाच. "आबा, तुमचा खजिना जिवापाड जपीन." तेव्हा कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

ऊन चढलं होतं. प्रधानाच्या टकलावरून घाम ओघळत होता. तो म्हणाला, "किती वेळ बसायचं? दर्भाचा कावळा करा, भटजी, आणि मोकळे व्हा." भटजींनी दर्भ मुडपून कावळा केला, पिंडाला लावला, सगळ्यांनी नदीवर हात धुतले. मेलेल्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि जिवंतांनी गवताचा कावळा करून त्याचं तोंड बंद केलं. झालं ते असं.

त्याच संध्याकाळी कुंदा म्हणाली, "दूध." दूध प्यायली, झोपली. सकाळी उठून वाटीकडे बोट दाखवायला लागली.

"काय हवं?" वेणुमतीनं विचारलं.

"ते. पांढरं."

"दूध म्हण."

मुलीनं तोंड उघडलं, ओठ हलवले, पण शब्द येईना. दुसऱ्या दिवशी पांढरं हा शब्दही गेला. मग चिमणी गेली, भूक गेली, पाणी गेलं. जो शब्द कुंदा बोले तो तिच्या तोंडातून एकदाचा जाई, पुन्हा येत नसे. मुलीला वाटे आई खेळतेय. ती आणखी बोले, आणि जितकी बोले तितकी रिती होई.

वैद्य आला. घसा पाहिला, नाडी पाहिली. "ताईसाहेब, हे घशाचं दुखणं नव्हे. या मुलीच्या वाचेला कुणीतरी हात घातलाय. तुमच्याकडे अलीकडे नवीन काय आलं?"

"नवीन काहीच नाही. वडिलांचं धन तेवढं आलं."

"मग त्याची काय ती वाट लावा. आणि लवकर लावा."

वेणुमतीनं दरबार भरवला आणि विचारलं, "या धनाचं मी काय करू?"

प्रधान म्हणाला, "याला रीत आहे. वारसानं तिघांना विचारावं. जो राखतो त्याला, जो वाटतो त्याला, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला. मग पटेल ते करावं. तिसऱ्याकडे मात्र कुणी जात नाही."

"का बरं?"

"ज्याच्याजवळ काहीच नाही, तो धनाचा सल्ला काय देणार, कपाळ?" सगळा दरबार हसला. वेणुमती हसली नाही, पण तिलाही ते पटलं.

निघताना तिनं कुंदाला मांडीवर घेतलं. पोरीच्या तोंडात आता ओंजळभरच शब्द उरले होते. वेणुमतीनं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "सोने, एक कर. आई म्हणू नकोस. बाकी काय ते बोल, पण तो शब्द तोंडात धरून ठेव. मी औषध घेऊन येते." पोरीनं मान डोलावली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

उत्तरेच्या डोंगरात एक मांत्रिक होता, त्याला गाठमाऱ्या म्हणत. त्याच्या गुहेत जमिनीपासून छतापर्यंत गाठोडी. कशात धान्य, कशात हाडं, कशात मागल्या सालचा वारा. तो स्वतः गाठोड्यांच्या सांदीत अंग चोरून बसला होता, कारण बसायला जागा उरली नव्हती.

"मांत्रिका, वडिलांचं धन आलंय. काय करू?"

"सल्ला फुकट नाही. केस दे."

वेणुमतीनं गुडघ्यापर्यंतचे केस कापून दिले. गाठमाऱ्यानं बसल्या जागी त्यांचा दोर वळला, गाठ मारली, वास घेतला आणि कोपऱ्यात ठेवून दिला.

"राख," तो म्हणाला. "दारं चिणून टाक. हवा लागू देऊ नकोस. धन हललं की पोर हलेल."

तिनं तसं केलं. गवंडी लावले, खजिन्याची दारं दगडचुन्यानं चिणली. चुना वाळेपर्यंत बरं चाललं. चुना वाळला तशी भिंतीआडून कुजबूज ऐकू यायला लागली. कुणाला शब्द समजत नव्हता, कारण त्या कुजबुजीत शब्दच नव्हते, नुसते ओठ हलल्याचे आवाज. आणि कुंदाचा आता एक शब्द गेला की त्याच्या मागे दोन-दोन जायला लागले. फूल गेलं की वासही जाई, काटाही जाई. थोड्याच दिवसांत पोरीपाशी फक्त तो एक शब्द राहिला. ती तो गालात सुपारीसारखा धरून बसे.

वेणुमती दक्षिणेला गेली. तिथल्या झऱ्यावर ओंजळी नावाची चेटकीण राहत असे. तिचे तळहात जन्मापासून पसरलेले, मूठ वळतच नसे. जे हातात येई ते खाली पडे, आणि पडलेलं उचलायला माणसांची रांग लागलेली असे.

"बाई, वडिलांचं धन आहे. एकानं राख म्हणून सांगितलं. राखलं, तर माझी मुलगी मुकी व्हायला आली."

"राखणारे मेले असेच," ओंजळी म्हणाली. "उजव्या डोळ्याचा उजेड दे, मग सांगते."

वेणुमतीनं डोळ्यावर हात ठेवला, उजेड काढून दिला. तो ओंजळीच्या हातांतून घसरला आणि झऱ्यात वाहून गेला. चेटकिणीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वाट," ती म्हणाली. "घरोघर वाट. हात रिता झाला की दोष जातो."

ती घरी आली. केस नाहीत, उजवा डोळा चुन्यासारखा पांढरा. कुंदा दारातच उभी होती. आईचं ते तोंड पाहिलं आणि पोर घाबरून किंचाळली, "आई!"

वेणुमतीनं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. शब्द केव्हाच निघून गेला होता. कुंदा तिच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या रडण्याला आवाज नव्हता.

मग वेणुमतीचं भान गेलं. स्वतः पहार घेऊन तिनं भिंत फोडली. गाड्या भरल्या. "न्या," म्हणाली, "सगळे न्या!" लोकांनी नेलं. कुणी पदरात, कुणी घमेल्यात, प्रधानानं पालखीत. गावात घरोघर गोडधोड शिजलं. लोक रस्त्यात तिला ओवाळायला आले, अशी राणी झाली नाही म्हणाले. आणि पुढच्या बाजाराला गावात भाव पुकारणारा कुणी राहिला नाही. भाजीवाली बोटांनी बोलत होती. देवळात पुजारी नुसती घंटा बडवत होता. दारादारांत माणसं एकमेकांकडे बघत बसली होती, आणि त्यांच्या मागे, घरांच्या आत, ओठ हलल्याचे आवाज येत होते. खजिन्यात कोंडलेलं होतं ते तिनं आपल्या हातानं गावभर नेऊन पोचवलं होतं.

आता तिसरा सल्ला उरला. प्रधान आडवा आला असता, पण त्याला बोलता येत नव्हतं.

ज्याच्याजवळ काहीच नाही असा कोण? ती भिकाऱ्याकडे गेली. त्याच्यापाशी वाडगा होता, आणि तो कुणाला हात लावू देत नव्हता. गोसाव्याकडे गेली. तो म्हणाला, "मी घर सोडलं, दार सोडलं, सोन्यासारखी बायको सोडली, बारा बैलांची शेती सोडली," आणि सोडलेल्या वस्तूंची त्याची यादी संपेना. पिंपळावरून कुणीतरी हसलं. पाहते तर तोच म्हातारा कावळा.

"याच्यापाशी तर खजिन्याहून जास्त आहे," कावळा म्हणाला.

"आणि तुझ्यापाशी? तुझं घरटं आहे ना?"

"काड्या वाऱ्याच्या. अंडी कोकिळेची."

वेणुमती पिंपळाखाली बसली. "कावळेबुवा, सल्ला हवा. मोबदला काय देऊ?"

"देण्यासारखं तुझ्यापाशी उरलंय काय? राहू दे. आता तूही माझ्यासारखी एका डोळ्यानं बघतेस, म्हणजे सांगितलेलं कळेल. घाटपट्टी म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"घाटाला लागणाऱ्या नावांकडून घेतात तो कर."

"होय? मग चल, तुला त्या नावा दाखवतो."

कावळा तिला घाटावर घेऊन गेला. टळटळीत दुपार होती, सावल्या पायाखाली आल्या होत्या. चाळणीवाले आपले राख चाळत बसले होते. एका म्हाताऱ्याची राख चाळणीत होती, त्याची सून बाजूला उभी होती. मणी चाळणीत खणकन वाजला. चाळणीवाल्यानं तो धुऊन पिशवीत टाकला. वेणुमतीनं पाहिलं, आणि मग पाहिलं की नदीकाठ माणसांनी भरला आहे. त्यांना सावल्या नव्हत्या. बायका, पुरुष, लेकरं, कंबरभर पाण्यात उभी, तोंडं उघडी, ओठ हलताहेत.

"त्यांना नाव सांगता येत नाही, म्हणून द्वारपाळ आत घेत नाही," कावळा म्हणाला. "मग ती आपल्या सोन्याचा माग काढत येतात, आणि जिथे सोनं असेल तिथल्या जिवंताची वाचा मुठीत धरून बसतात. वाचा घेतात, पण ती त्यांना वापरता येत नाही. तुझ्या बापाला मेल्यावर कळलं. तेच सांगायला त्यानं मला पिंडाला शिवू दिलं नाही. तुम्ही गवताच्या कावळ्याचं ऐकलंत."

वेणुमती वाळूत बसली. म्हणाली, "मी सगळ्यांना विचारत हिंडले, धनाचं काय करू. धन कुणाचं, हे मी विचारलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही."

"आता तीन कामं कर. वाटलंस ते परत आण. आटवलंत त्याचे पुन्हा मणी कर. आणि भर दुपारी इथे उभी राहून आपल्या हातानं ज्याच्या त्याच्या जिभेवर ठेव. मेलेला नाव सांगेल. त्याच्या मागून ते नाव कुणीतरी जिवंतानं उच्चारायला हवं, तरच तो मूठ उघडेल; त्या एका नावापुरती मुक्यालाही वाचा फुटते. पण ऐक. जर कुणी उरला, तर तो वारसाची वाचा घेऊन बसेल. वारस तू आहेस."

वेणुमतीनं आधी चाळण्या नदीत फेकायला लावल्या, मग पहिल्या कामाला लागली. वाटणं जितकं सोपं, मागणं तितकंच कठीण. भिवा तांबटाच्या दारी ती गेली तर तो सोन्याची लगड कमरेला बांधून उंबऱ्यावर आडवा झोपला होता. त्यानं मान हलवली, तोंडाकडे बोट केलं, हात उडवला: राहू दे वाचा, मला सोनं हवं.

त्याची बायको सारजा आतून आली. तिची वाचा अजून शाबूत होती, कारण नवऱ्यानं तिला सोन्याला हात लावू दिला नव्हता. "ताईसाहेब, हा उभा जन्म बोलला, त्यात एक शब्द धड नव्हता. मी म्हटलं, झाला मुका, बरंच झालं, घराला विसावा! पण काल पोरगं विहिरीच्या कठड्यावर चढलं. हा बघत होता. हाक मारायला तोंड उघडलं आणि वासरासारखा हंबरला. पोरगं त्याला हसत राहिलं, उतरलं नाही. मी धावले म्हणून." तिनं वाकून नवऱ्याच्या कमरेची गाठ सोडायला घेतली. त्यानं तिचा हात धरला. "सोडा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी घरात नसले तर?"

भिवानं हात सोडला. सारजानं लगड वेणुमतीच्या पुढ्यात टाकली. "घ्या. आणि आता वाटायला येऊ नका."

घरोघर असंच झालं. कुणी रडून दिलं, कुणी शिव्या देता येत नव्हत्या म्हणून थुंकून दिलं. प्रधानाची पालखी चौघांना ओढून आणावी लागली.

दुसरं काम सोनारांचं. त्यांनी भट्ट्या पेटवल्या, लगडी आटवल्या, मोहरीएवढे मणी पाडले. राजवाड्यातले सगळे दागिने त्यात गेले, कारण तेही घाटपट्टीचेच होते. कुंदाच्या पायातले वाळेसुद्धा गेले. म्हातारा सोनार खुणेनं म्हणाला, आधी आटवलं, आता पुन्हा आटवतोय, घट येणार. सोनं दर आगीला थोडं कमी होतं, ते कुणाच्या हातचं नाही.

तिसऱ्या कामाला सगळा मुका गाव घाटावर आला. सूर्य डोक्यावर आला आणि पाण्यातली माणसं दिसू लागली. वेणुमती गुडघाभर पाण्यात उतरली. पहिला आला तो एक शेतकरी. तिनं त्याच्या थंड जिभेवर मणी ठेवला. त्यानं तोंड मिटलं, उघडलं.

"राणोजी."

गर्दीतून एक बाई पुढे झाली. ओठ थरथरले. "राणोजी," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून मटकन खाली बसली. शेतकऱ्यानं मूठ उघडली आणि तो पलीकडे चालू लागला.

मग एकामागून एक. यसाई. कोंडू. भागीरथी. ज्यांना नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता अशी लेकरं आली, त्यांच्या आयांनी त्यांना तिथेच नावं दिली. घाटावर रडण्याचा आवाज चढत गेला, आणि लोकांना ते रडणंही गोड लागलं, कारण ते ऐकू येत होतं. प्रधानाची आई आली. प्रधान तिचं नाव घेताना लहान मुलासारखा पाण्यात शिरला, त्याला लोकांनी ओढून काढलं.

कुंदा काठावर सारजाचा हात धरून उभी होती. तिचे ओठ मिटलेले.

सूर्य कलायला लागला. थैलीत एकच मणी उरला, आणि पाण्यात दोघं उरली. पुढे राजा भोगादित्य. त्याच्या मागे एक म्हातारी, फाटक्या लुगड्यातली, पाठीत वाकलेली.

"आणखी एक मणी द्या," वेणुमती म्हणाली.

म्हाताऱ्या सोनाराची वाचा आता आली होती. "नाही ताईसाहेब. घट आली."

सारजानं नाकातली चमकी काढली. "ही घ्या."

"चालणार नाही," कावळा पिंपळावरून म्हणाला. "ज्यांनी घेतलं त्यांच्याच घरानं द्यायचं. दुसऱ्याचं सोनं जिभेवर टिकत नाही."

"मग हा मणी अर्धा करा."

"अर्ध्या मण्यावर अर्धंच नाव येईल. द्वारपाळ दोघांनाही परत पाठवील."

भोगादित्यानं तोंड उघडलं. पिलासारखं, मोठं. आयुष्यभर ज्यानं मागितलं नव्हतं, हुकूमच केला होता, तो लेकीपुढे तोंड वासून उभा राहिला. काठावरून प्रधान ओरडला, "ताईसाहेब, वाट कसली बघता? कुंदाची वाचा आबासाहेबांच्याच मुठीत असणार! नातीची वाचा आजोबापाशीच असायची!" आणि सगळा गाव म्हणाला, होय, होय.

वेणुमतीलाही तसंच वाटत होतं. तिनं बापाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. म्हातारी काहीच मागत नव्हती. तिनं तोंडही उघडलं नव्हतं. इतक्या जणांना पुढे जाऊ दिलं होतं, आताही देणार होती.

"हिचं कोण आहे इथे?" वेणुमतीनं विचारलं.

कुणी पुढे आलं नाही. एका चाळणीवाल्यानं मान खाली घातली. "ती राजवाड्याच्या दाराशी मेली, ताईसाहेब. मागे कुणी नव्हतं. स्वतःच्या मरणासाठी मणी पदराच्या गाठीला बांधून ठेवला होता तिनं. आम्ही चाळणी पहिल्यांदा धरली ती हिच्याच राखेला."

वेणुमती मणी धरून उभी राहिली. काठावर मुलगी, पुढे बाप. "आबांना दिला," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि पोरीला वाचा आली, तर त्या वाचेनं ती उद्या मला काय विचारील?" मग तिनं बापाला हातानं बाजूला केलं. "आबा, सरका. ही तुमच्या आधीपासून उभी आहे."

तिनं म्हातारीच्या जिभेवर मणी ठेवला. म्हातारीनं तो घोळवला, जणू चव बघत होती.

"म्हाळाई."

ते नाव मागून म्हणणारं जगात कुणी नव्हतं. म्हातारी मूठ मिटून उभी राहिली. आपणच म्हणावं म्हणून वेणुमतीनं श्वास घेतला, तोवर काठावरून बारीक आवाज आला.

"म्हाळाई."

कुंदा सारजाचा हात सोडून पाण्याशी आली होती. "म्हाळाई," ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. म्हातारीनं मूठ उघडली आणि तिच्या बोटांतून सगळे शब्द एकदम सुटले. दूध, चिमणी, पाणी, भूक, फूल, काटा. कुंदा ते पकडायची घाई झाल्यासारखी बोलत सुटली, आणि तिचा शेवटचा शब्द आला तो वेणुमतीच्या कमरेला मिठी मारूनच. म्हातारी मागे न बघता पलीकडे गेली.

भोगादित्य तोंड उघडं ठेवून उभाच होता. वेणुमतीच्या घशात थंडी चढायला लागली. कावळ्यानं सांगितलेलं तिला आठवलं, तशी ती घाईनं बोलली. "आबा, तुमचा मणी मी कष्टानं मिळवीन. तोवर इथेच उभे राहा. येईल त्याला वाट द्या." पुढेही काही बोलायचं होतं. ते बोलता आलं नाही.

वेणुमतीला गादीवर बसवलं. मुंडल्या डोक्यावर मुकुट सैल बसला. उजवा डोळा परत आला नाही, वाचा नव्हती. सकाळी ती न्यायाला बसे आणि दुपारी सारजाच्या आळीत लोकांच्या दारी साळी कांडायला जाई. खजिना रिता होता, त्यात लोकांनी बियाणं ठेवलं. दरबारात कुंदा तिच्या मांडीशी उभी राहून तिच्या तोंडाकडे बघे आणि सांगे, "आई म्हणते, तुमचं कुंपण अलीकडे घ्या. आई म्हणते, बैल याचाच आहे, तुम्ही खोटं बोलता." मग थोडं थांबून, "आणि मी म्हणते, मला भूक लागली." लोक आधी हसले. मग त्यांना तिच्या तोंडून न्याय ऐकायची सवय झाली.

घाटावर आता प्रेतं येत, राख जशीच्या तशी पाण्यात जाई. प्रत्येक मेलेला जाताना एका म्हाताऱ्याला पाण्यात उभा पाही. तो अंग चोरून वाट देई.

कांडण करून तळहातांना घट्टे पडले, साळीचा हंगाम पुन्हा आला, तेव्हा कुठे वेणुमतीच्या हाती मोहरीएवढा मणी आला. ती भर दुपारी एकटीच घाटावर गेली. बाप झिजून काडी झाला होता. तिला पाहून त्यानं या वेळी तोंड उघडलं नाही. तिनं हनुवटीला हात लावला तेव्हा उघडलं.

तिनं मणी ठेवला. तो बोलायला गेला, "राजा..." आणि तिथेच अडला. पुढे काही येईना. मग त्यानं मान खाली घातली आणि पहिला शब्द सोडून दिला.

"भोगादित्य."

वेणुमतीनं वर्षभर न वापरलेला गळा उघडला. आधी नुसती खरखर आली. ती गप्प राहिली असती, तर त्याचं नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

"भोगादित्य," ती म्हणाली.

बापानं मूठ उघडली. तो पाणी तुडवत पलीकडे गेला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग वळली, घाटाच्या पायऱ्या चढली आणि वरून मोठ्यानं हाक मारली, "कुंदे, जेवलीस का गं?"

मेले ते नदीपार पोचले. आपण अलीकडे आहोत, तोंडात वाचा आहे, तोवर एकमेकांची नावं घ्यावी.